खुणेतलं नाव

सराट्याला दोन शिंगं असतात. त्यातलं एक बुटाच्या तळव्यात, दोन स्टडच्या मधोमध, इतकं आत गेलं होतं की बाहेर फक्त त्याचं वाळकं, तपकिरी कपाळ तेवढं दिसत होतं — नखाएवढ्या बोकडानं हट्टानं डोकं खुपसून बसावं तसं. भार्गवीनं अंगठ्याचं नख त्याच्या कडेला घातलं. सराटा हलला, पण निघाला नाही. आणि निघाला नाही याचं तिला चक्क बरं वाटलं. निघाला असता तर बूट पायात घालावा लागला असता, बूट घातला की मैदानात जावं लागलं असतं, आणि मैदानात कॉलेजचे शंभूराज सर मोबाइल आडवा धरून उभे होते.

व्हरांड्याच्या पायरीवर ऊन अजून पोचलं नव्हतं. समोर शाळेचं मैदान. पलीकडे बेदाण्याची शेड, तिच्या हिरव्या जाळीतून सुकत आलेल्या द्राक्षांचा आंबटगोड वास येत होता, आणि त्या वासात मुली ओळीनं वाकून मैदानातले सराटे वेचत होत्या. हे दर रविवारचं काम. तासगावच्या या बाजूला पाणी आलं, बागा आल्या, पण सराट्यांनी जागा सोडली नाही. एक जरी राहिला तरी चेंडूचा जीव जातो. हॉस्टेलवर भार्गवीलाही मैत्रिणी सराटाच म्हणायच्या. सातारचा सराटा. चिकटली की सुटत नाही म्हणून.

आज कॉलेजचा संघ या शाळेच्या संघाशी खेळणार होता. शाळा कर्णबधिर मुलींची, निवासी. सामना मैत्रीचा, सात-सात जणींचा, आणि तो ठरवला होता सरांनी — म्हणजे खरं तर उद्याच्या मुलाखतीनं. उद्या कोल्हापूरला, विद्यापीठात, वर्षातली सर्वोत्तम विद्यार्थिनी निवडायची होती आणि सांगलीहून कॉलेजनं भार्गवीचं नाव पाठवलं होतं. गुण होते, गणितात ती तिन्ही वर्षं पहिली. खेळ होता, विद्यापीठाच्या संघात ती मधल्या फळीत खेळायची. समाजसेवाही होती, गेलं वर्षभर दर रविवारी सकाळच्या एसटीनं ती सांगलीहून इथं यायची आणि या मुलींना फुटबॉल शिकवायची. फक्त समाजसेवेचे फोटो नव्हते.

“अगं, वर्षभर गेलीस आणि एक फोटो नाही?” सर म्हणाले होते. “मग गेलीस कशावरून?”

ते हसत म्हणाले होते. सर चांगले होते. पण तो प्रश्न मात्र तिच्यात आठवडाभर रुतून राहिला होता. गणितात असं असतं — एखादी गोष्ट आहे असं नुसतं म्हणून चालत नाही, ती आहे हे दाखवावं लागतं. मग गेलीस कशावरून... आणि त्याच्या पोटात दुसरा, अधिक बारीक प्रश्न: का गेलीस. पहिल्या रविवारी ती आली होती ते सरळ सरळ राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरायचे म्हणून. दुसऱ्या रविवारीही. पण दिवाळीच्या सुट्टीत सगळं हॉस्टेल रिकामं झालं असताना ती साताऱ्याला जायच्या आधी इथं येऊन गेली होती, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं... कुणालाच? बाबांना फोनवर सांगितलं होतं. ‘बाबा, आज सुट्टी असूनही मी गेले होते.’ असूनही. तो शब्द तिनं मुद्दाम वापरला होता आणि पलीकडून बाबांचा आवाज भरून आला होता — गोपाळकृष्ण तसे सहज भरून येणारेच — आणि तिला एसटीच्या खिडकीत बसून एकदम उबदार वाटलं होतं. मग ते जाणं झालं की त्या ‘असूनही’साठीचं जाणं झालं?

ती बूट उलटा धरून बसली होती. साताऱ्याच्या घराची मागची भिंत तिला दिसली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची गल्ली, चढाची, म्हणून चेंडू भिंतीवर मारला की आपण होऊन पायाशी परत यायचा. चेंडूच्या मातीचे गोल गोल ठसे, एकावर एक, आणि वर स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीत आई. “आई, बघ ना.” धप्. “बघितलं हं, छान.” आईची नजर तव्यावर असायची, चारुलताबाईंच्या पोळ्या आजवर कधी करपल्या नाहीत. “नाही बघितलंस. आता बघ.” मग भार्गवी लाथ मारायच्या आधी वर पाहायची, आईचे डोळे खिडकीत आहेत याची खात्री करायची, आणि मगच मारायची. आई पाहत असेल तेव्हा मारलेला चेंडू आणि नसेल तेव्हा मारलेला चेंडू यांत काय फरक होता? भिंतीवर ठसा तोच उमटायचा. पण तिला वाटायचं, दुसरा चेंडू कुठं तरी हरवतो. गेला तो गेला.

“सराटा हाय व्हय गं?”

कडुनिंबाखालून एक म्हातारी उठून आली होती. हिरवं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा उन्हानं पार भाजून निघालेला. महिन्यातला हा रविवार घरच्या माणसांनी भेटायला यायचा असायचा. त्यातलीच कुणाची तरी आजी.

“हो आजी. निघत नाहीये.”

“नखानं निघतुय व्हय त्यो. हिकडं आण.” तिनं बांगडीला अडकवलेली पिन काढली, बूट मांडीवर घेतला, आणि पिनेनं सराट्याला खालून उचकटलं. “घे. कुनाची तू?”

“मी सांगलीच्या कॉलेजातली. इथं शिकवायला येते.”

“मायाला खेळ शिकवती ती?” म्हातारी जरा मागं सरली आणि तिच्याकडं नीट पाहू लागली. “मी धोंडुबाई. मायाची आजी. आटपाडीच्या अल्याड गाव हाय आमचं. तुजं नाव काय?”

“भार्गवी.”

“भा...?”

“भार्गवी.”

“आसंल,” धोंडुबाई म्हणाली. “आमच्याकडं तुजं नाव येगळंच हाय.”

आणि तिनं ते नाव घेतलं. हनुवटी जराशी वर केली, मान एका बाजूला वळवली, डोळे कडेला सरकवले, आणि दोन बोटांनी कपाळावरची नसलेली बट कानामागं सारली.

भार्गवीनं ही खूण पाहिली होती. कितीदा तरी पाहिली होती. ती फाटकातून आत आली की व्हरांड्यातली पहिली मुलगी दुसरीला ही खूण करायची, दुसरी तिसरीला, आणि पोरी बाहेर यायच्या; तेव्हा तिला वाटलं होतं की याचा अर्थ ‘चला’, किंवा ‘सुरू’. एवढंच नाही — ती स्वतः वर्षभर ती खूण वापरत आली होती. सरावाला बोलवायचं असलं की मैदानाच्या मध्ये उभी राहून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, हनुवटी वर, मान बाजूला, बट मागं... आणि मुली हसून लोळायच्या, आणि तिला वाटायचं, किती उत्साह आहे यांना.

मुलींची एकमेकींसाठी खुणेतली नावं असतात हे तिला ठाऊक होतं. मायाचं नाव म्हणजे भुवईवरच्या जुन्या जखमेच्या वणावर टेकलेलं बोट. वसतिगृह सांभाळणाऱ्या रंगूबाईंचं नाव म्हणजे कमरेला खोचलेली किल्ली. पण बाहेरून येणाऱ्या माणसालाही असं नाव मिळतं, आणि त्याला न विचारता मिळतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“याचा अर्थ काय, आजी?”

“मला काय म्हाईत. ती करती म्हनून मी बी करती. सुट्टीला घरी आली की दिसभर तुजंच चालतंय. ही आशी पळती,” — पुन्हा ती खूण — “ही आशी पाडती, ही आशी वरडती. तिच्या बापाला बी तू म्हाईत हायस. आन् आज बगितली तवा कळलं की बराबर हाय. मघापासनं बगती हाय न्हवं मी तुला झाडाखालनं. बूट बगायचा आन् तिकडं बगायचं, बूट बगायचा आन् तिकडं बगायचं.” तिकडं म्हणजे सरांकडं. धोंडुबाई हसली, तेव्हा तिच्या गालावर सगळ्या सुरकुत्या गोळा झाल्या. “आमच्या मेंढरात हुती आशी एक. चार काड्या खाल्ल्या की मान वर. लांडगा न्हाई, कुत्रं न्हाई, काय न्हाई. उगंच.”

“मग?”

“मग काय. बाकीची खाऊन बसायची आन् हिचं पोट रिकामंच. पर लय गुनाची हुती. ती बगती म्हनून बाकीची बिनघोर चरायची.” तिनं पिन परत बांगडीत अडकवली. “जा आता. बोलावत्यात तुला.”

भार्गवीचे कान तापले. बूट घालताना, नाडी ओढताना, तिच्या डोळ्यांसमोरून वर्षानुवर्षांच्या माना वळत गेल्या: गोल झाल्यावर रेषेबाहेर वळलेली मान, फळ्यावर उत्तर लिहून झाल्यावर दाराकडं वळलेली मान, एसटीत एखाद्या लेकुरवाळीला जागा देऊन उभं राहिल्यावर सहज, अगदी सहज, आजूबाजूला फिरलेली नजर... आणि प्रमेय सुटायचं तेव्हाचा तो अर्धा क्षण — फक्त अर्धाच, ज्यात वहीतल्या ओळी आपोआप एकमेकींना जाऊन मिळतात आणि पोटात काही तरी हलकं होतं — तो क्षण पुरा व्हायच्या आधीच तिची मान वर झालेली असायची. चार काड्या. आणि हे सगळं या पोरींनी पाहिलं होतं. ज्यांना आवाजांतलं काही मिळत नाही त्यांनी डोळ्यांनी वर्षभर तिला वाचलं होतं, वाचून तिचं नाव ठेवलं होतं, ते नाव आटपाडीअलीकडच्या एका घरात जेवताना घेतलं जात होतं, आणि ती स्वतः मैदानाच्या मध्ये उभी राहून ते नाव जोरजोरानं पुकारत होती... म्हणजे स्वतःचंच नाव घेऊन स्वतःलाच बोलावत होती. तिला लाज वाटायला हवी होती. वाटतही होती. पण त्या लाजेच्या खालून, भातावरचं झाकण वाफेनं उचलावं तसं, दुसरंच काही तरी तिच्या तोंडाशी येत होतं, आणि ती मैदानात पोचली तेव्हा तिला ओठ दाबून धरावे लागले.

“किती वेळ,” सर म्हणाले. “चला, जर्सी व्यवस्थित कर, कॉलेजचं नाव दिसू दे.”

पण मैदानात वेगळंच चाललं होतं. शाळेच्या संघातली एक मुलगी तापानं झोपून होती, आणि त्या सहाच जणी उरल्या होत्या. माया, त्यांची कप्तान, आठवीतली, काटकुळी, डाव्या पायाची, दोन्ही हात कमरेवर ठेवून कॉलेजच्या मुली मोजत होती. त्या आठ होत्या. मग ती सरळ चालत आली, भार्गवीचं मनगट धरलं, आणि तिला आपल्या बाजूला ओढून घेऊन गेली. वर एक मळकं पिवळं बनियन तिच्या अंगावर फेकलं.

“अगं, तू आपल्याकडून पाहिजेस,” सर म्हणाले. “जर्सी झाकली जाईल ना सगळी.”

“त्यांना एक कमी आहे, सर.”

“प्रांजलला दे त्यांच्याकडं.”

प्रांजल कॉलेजची गोलरक्षक, ती गोलमधूनच म्हणाली, “मी नाही हं, मला त्यांच्या खाणाखुणा कळत नाहीत.” तोवर भार्गवीनं बनियन चढवलंही होतं. त्याला घामाचा आणि कपड्यांच्या साबणाचा वास होता. दोघी-तिघींनी कानांतली यंत्रं काढून स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा धोंडुबाईच्या मांडीवर दिला, आणि रंगूबाईंनी काठीला बांधलेलं लाल फडकं वर केलं. इथं शिट्टी नव्हती. पहिल्या रविवारी भार्गवी गळ्यात शिट्टी घालून आली होती. मुलींनी ती मागून घेतली, हातोहात फिरवली, आत बोट घालून तिच्यातला दाणा हलवून पाहिला, आणि फार सभ्यपणे परत केली होती.

फडकं खाली आलं.

“माया, डावीकडं. डावीकडं जा,” भार्गवी ओरडली. सवय. माया उजवीकडंच गेली. चेंडू तिच्या पाठीमागून जाऊन कॉलेजच्या मुलींना मिळाला, आणि तिकडं ‘सोड, मागं आहे, माझा माझा’ असा गलका उठला आणि गोल झाला. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण कुणासाठी वाजवतोय हे न कळून थांबवल्या. माया आली. तिनं भार्गवीच्या तोंडावर तळवा ठेवला — मारल्यासारखा नाही, उघडं राहिलेलं दार लोटून घ्यावं तसा — आणि दोन बोटांनी आधी आपल्या, मग तिच्या डोळ्यांकडं दाखवलं.

मग भार्गवीनं तोंड मिटलं.

तोंड मिटल्यावर कळलं की मैदान गप्प नाही. पायांचे धपाधप आवाज होते, श्वास होते, आणि मुली आवाज करत होत्या — मोठे, मोकळे, कुठल्याच शब्दाचे नसलेले आवाज. आयुष्यभर त्यांना जे कुणी ‘हळू’ म्हणाले असतील त्यांचं त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. चेंडू पायात आला. भार्गवीनं तो डाव्या पायानं थोपवला, उजव्यावर घेतला, आणि आता काय करायचं या क्षणी तिचे डोळे वर गेले, जिथं नेहमी जातात तिथंच गेले, कडेला, रेषेबाहेर, जिथं सर मोबाइल आडवा धरून उभे होते — आणि सरांच्या अलीकडं, अगदी त्याच ओळीत, माया पळत होती. मायाचा एक हात हवेत होता, तळवा पुढं, इथं नाही, तिथं, दोन पावलं पुढं. भार्गवीनं चेंडू त्या दोन पावलांत टाकला. माया तिथं पोचली.

आपण काय केलं हे पाहायला वेळ नव्हता. डोळे पुन्हा वर घ्यावे लागले, कारण पाठीमागून कुणी ओरडून सांगणार नव्हतं. कुणाचाही खांदा वळला, टाच उचलली, हनुवटीनं इशारा झाला, तर तो पाहिला तरच होता, नाही पाहिला तर गेला. सारखं पाहायचं. चेंडू, मान वर, चेंडू, मान वर. तिला आयुष्यभर जे येत होतं तेच करायचं होतं, फक्त पलीकडं आता काठावरचं माणूस नव्हतं, पोरी होत्या, घामेजलेल्या, पळणाऱ्या, आणि त्याही तिच्याकडं तशाच पाहत होत्या — ‘छान’ म्हणायला नाही, तर ही आता कुठं वळणार एवढंच शोधत... आणि मी वळले, डावीकडं दाखवून उजवीकडं, ती घोगऱ्या आवाजाची लहान पोर माझ्या आधी वळली होती, तिच्या पायातून चेंडू माझ्याकडं, माझ्यातून मायाकडं, मायाकडून पुन्हा माझ्याकडं, मला माहीत होतं तो येणार, कसं माहीत होतं कोण जाणे, कॉलेजच्या मुली नुसत्या ओरडत होत्या आणि आम्ही त्यांच्यामधून सुईतून दोरा निघावा तशा निघून गेलो, आणि मायानं डाव्या पायानं असा काही मारला की प्रांजल हलायच्या आधीच मागची जाळी हलली. सगळ्या पोरी मायाच्या अंगावर पडल्या. त्या ढिगात खालून दुसरी भार्गवी होती, कुणाचा तरी कोपर तिच्या गालाखाली, तोंडात माती, आणि त्या गोलच्या वेळी सर कुठं उभे होते हे तिला पुढं कितीही आठवून पाहिलं तरी आठवलं नाही.

शेवटी त्या हरल्या. दोन-दोन असताना मायानं कडेनं येऊन चेंडू गोलसमोर टाकला होता, इतका अचूक की तो लहान मुलीलाही मारता आला असता. भार्गवी घसरत गेली, चेंडू तिच्या गुडघ्याला लागून वरून निघून गेला, आणि ती जमिनीवर फरफटत पुढं. तिथून प्रांजलनं लांब मारलेल्या चेंडूवर कॉलेजनं तिसरा केला आणि रंगूबाईंनी लाल फडकं आडवं धरलं.

माया तिच्यासमोर येऊन उभी राहिली. रागानं तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. ‘डोळे कुठं होते?’ तिनं हातांनी विचारलं.

‘चेंडूवर,’ भार्गवीनं खूण केली.

मायानं विश्वास ठेवला नाही. तिनं हनुवटी वर केली, मान वळवली, बट मागं सारली.

‘नाही,’ भार्गवी हातांनी म्हणाली, आणि ते खरं होतं, आणि ते सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं, आणि तिला हसू फुटलं. मैदानाच्या मध्ये गुडघा धरून, मातीत बसून, ती इतकी हसली की माया आधी चिडली, मग बुचकळ्यात पडली, आणि मग तिच्या शेजारी धपकन बसून आपल्या भरड, मोठ्या आवाजात हसू लागली.

“पडलीस की गं उताणी,” झाडाखालून धोंडुबाई म्हणाली.

“बसा सगळ्या इथंच, छान आहे,” सर घाईनं पुढं आले. “दोन्ही संघ एकत्र. भार्गवी, तू मधे, चेंडू हातात घे. निवड झाली तर पुढच्या रविवारी समारंभ आहे, तिथं मोठ्या पडद्यावर दाखवतात हे. हं, सगळ्या इकडं बघा.”

मायाला काय बोललं जातंय ते कळलं नसेल. मोबाइल मात्र कळला. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. हनुवटी वर, मान बाजूला, बट मागं. शेजारणीनं तिच्या शेजारणीला. बघता बघता सगळी ओळ मान वळवून, डोळे कडेला सरकवून, नसलेल्या बटा मागं सारत बसली, मागं उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलींनाही ते आवडलं, आणि मधे चेंडू मांडीवर घेऊन भार्गवी — तिनंही हनुवटी वर केली. स्वतःचं नाव तिनं आज पहिल्यांदा अर्थ कळून घेतलं.

“इकडं बघा की गं,” सर म्हणाले.

“सर, त्यांना ऐकू येत नाही,” प्रांजल म्हणाली.

“भार्गवीला तर येतं ना.”

भार्गवीला येत होतं. तिनं मान तशीच ठेवली.

सरांनी फोटो काढला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, बोटांनी मोठा करून पाहिला. मुली तोवर उठून जेवणाच्या खोलीकडं पळाल्याही होत्या. “एकीचंही तोंड सरळ नाही,” ते म्हणाले, पण त्यांच्याही मिशीत काही तरी हललं. “उद्या कुणी विचारलं, हे काय आहे, तर काय सांगशील?”

“माझं नाव आहे, म्हणेन.”

सरांना ते कळलं नाही.

निघताना माया फाटकापर्यंत आली. तोंडात बेदाणे होते, हातात बेदाणे होते, राग कुठं तरी जेवणात विसरून आली होती. तिनं बोटानं हवेत एक सूर्य काढला, सात बोटं मोजली, आणि भार्गवीकडं बोट केलं. पुढचा रविवार. येणार? ‘कदाचित’ची खूण भार्गवीला येत नव्हती, वर्षभरात कधी लागलीच नव्हती. मागं टेम्पोत मुली हाका मारत होत्या. तिनं मुठीनं ‘हो’ म्हटलं. मग समारंभ आठवला. निवड झाली तर बाबा साताऱ्याहून येतील, आई येईल, पहिल्या रांगेत बसतील, आई या वेळी नक्की बघेल... तिनं हात अर्धा वर नेला, ‘हो’ पुसायला की काय कोण जाणे, पण माया तोवर वळून पळाली होती.

टेम्पो तासगावच्या रस्त्याला लागला. मागच्या बाकावर मुलींनी गाण्यांच्या भेंड्या सुरू केल्या. प्रांजल प्रत्येक अक्षराला एकच गाणं म्हणत होती. भार्गवी खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा मागं पळत होत्या, पानांच्या फटींतून ऊन डोळ्यांत यायचं, जायचं, यायचं. उद्या विचारतील. तुम्ही का खेळता, का शिकवता, यातून समाजाला काय मिळतं — तिनं उत्तरं पाठ केली होती, मराठीतही आणि इंग्रजीतही, आणि ती अजून जागच्या जागी होती, एकही शब्द हलला नव्हता. फक्त ती उत्तरं आता कुणा दुसऱ्या चांगल्या मुलीची वाटत होती, जिच्याबद्दल तिला काही तक्रार नव्हती. पुढच्या रविवारी काय करायचं तेही ठरलं नव्हतं. दोन्हीकडं जायचं आहे. दोन्हीकडं मनापासून जायचं आहे, हेही तिला आत्ताच कळत होतं... आणि मायाचा तो चेंडू, तो तर मारायलाच हवा होता, गुडघ्याऐवजी पाय जरा आधी पुढं टाकला असता तर... तिनं बाकाखाली पाय पुढं टाकून पाहिला. असा. नाही, असा.

मोजा खाली सरकवला. गुडघा चांगलाच सोलवटला होता, रक्तात माती बसली होती, आणि वारा लागला की चुरचुरत होता. प्रांजल म्हणाली, पाणी आहे, धू. मी नको म्हणाले. राहू दे जरा.